सुतक कोणाला लागतं?

शॉमबर्गच्या आसपास राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी नेपरव्हिलचा रिव्हरवॉक पाहिलेला असतो. भारतातून आई-वडील आले की तिथली एक चक्कर ठरलेलीच. डुपेज नदीच्या काठाने चालताना एक छोटं स्मारक लागतं. ११ सप्टेंबर २००१ रोजी पेंटागॉनमध्ये मारले गेलेले नौदलाचे कमांडर डॅन शॅनोवर यांच्या नावाचं. ते याच गावचे. न्यूयॉर्कच्या पडलेल्या मनोऱ्यांतलं गंजकं पोलाद तिथे आहे, आणि भिंतीवर चेहरे आहेत.

तिथे दोन मिनिटं थांबलात, तर एक प्रश्न पडतो. हे दुःख आपलं आहे का? त्या दिवशी आपल्यातले कितीतरी जण पुण्या-नाशकात शाळकरी होते. माझ्यासारख्या व्हिसावर राहणाऱ्याने तिथे मान खाली घालणं म्हणजे पाहुण्याने घरच्यांपेक्षा मोठ्याने रडणं तर नव्हे?

आपल्याकडे सुतक भावकीला लागतं, शेजाऱ्याला नाही. या हिशेबाने आपण तिथून पुढे निघून जावं, हे बरोबर. पण आपल्याच परंपरेत दुसरीही एक रीत आहे. तर्पण करताना आपल्या पितरांना पाणी दिल्यावर, ज्यांना पाणी द्यायला कोणीच नाही त्यांच्यासाठीही ओंजळ सोडतात. त्यासाठी नातं विचारलं जात नाही. योगायोग असा, की ११ सप्टेंबर २००१ हा दिवस पितृपंधरवड्यातलाच होता.

आता दुसरी शंका. त्या दिवशी २,९७७ माणसं मारली गेली; मग स्मारकाला एकाचंच नाव का? मला यात अन्याय दिसत नाही. आकड्यासाठी कोणाला रडू येत नाही, माणसासाठी येतं. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात १६६ माणसं गेली, पण आपल्या ओठांवर नाव येतं ते तुकाराम ओंबळे यांचं. मात्र त्याच रात्री सीएसटीच्या फलाटांवर गाडीची वाट पाहत मेलेल्यांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला आठवतं का? जवळच्या माणसापासून शोक सुरू होणं स्वाभाविक आहे. तो तिथेच संपला, तर प्रश्न आहे.

म्हणून स्मारकाची कसोटी मला वेगळी वाटते: ते आणखी कोणाला आत घेतं? हल्ल्यानंतर चारच दिवसांनी अ‍ॅरिझोनातल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्या पेट्रोलपंपाबाहेर गोळी घालून मारलं. गुन्हा काय, तर पगडी आणि दाढी. फीनिक्सच्या स्मारकावर त्यांचा उल्लेख आहे. २०११ मध्ये तो काढून टाकण्याचं विधेयक तिथल्या विधिमंडळाने मंजूर केलं. गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला म्हणून तो टिकला. सोढी त्या मनोऱ्यांत नव्हते, हे खरं. पण ते त्याच आगीत गेले, हेही तितकंच खरं.

आपल्याला इथे उभं राहण्याचा हक्क आहे का, हा प्रश्न मग मला थोडा उलटा वाटू लागतो. हक्क कोणी द्यायचा नसतो. ओंजळ आपण सोडायची असते. आणि बाहेरून आलेल्या माणसाचं एक जादा कामही आहे. भिंतीवर जी नावं नाहीत, ती त्याला ठाऊक असतात. पुढच्या खेपेला आई-वडिलांना रिव्हरवॉकवर न्याल, तेव्हा शॅनोवर कोण होते ते त्यांना जरूर सांगा. त्याच दमात सोढींचंही सांगा. एकाची आठवण काढल्याने दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी कमी होत नाही.