ती कुणाची होती आणि ती काय म्हणाली

अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभावांची काशी म्हणून ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण गोविंदप्रभूंच्या आठशे वर्षं आधी होऊन गेलेल्या एका राणीचा ताम्रपटही याच गावाच्या नावाने ओळखला जातो, हे वऱ्हाडातही फार कुणी सांगत नाही. ती राणी म्हणजे प्रभावतीगुप्ता. उत्तरेतला सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची ती मुलगी आणि वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची पत्नी. नवरा लवकर गेला, मुलं लहान होती, आणि निदान तेरा वर्षं तिने राज्य चालवलं. हा आकडा तिच्याच दुसऱ्या ताम्रपटावरून कळतो. पुण्यात एका तांबटाच्या घराण्याने तो पिढ्यान्‌पिढ्या जपला होता.

या दोन्ही ताम्रपटांत वंशावळ आहे ती गुप्तांची, म्हणजे माहेरची. वाकाटकांच्या पिढ्या त्यात मोजलेल्या नाहीत. गोत्रही तिने वडिलांचंच, धारण, सांगितलं आहे. लग्न झालं की गोत्र बदलतं हे आजही आपण गृहीत धरतो, तिने धरलं नव्हतं. मात्र पुण्याच्या ताम्रपटाची मुद्रा पाहिली तर तिथे शासन कुणाचं? युवराजाच्या मातेचं. आतल्या मजकुरात ती मुलगी आहे, वरच्या मुद्रेवर आई आहे. हुकूम तिचा, पण तो चालायला मुलाचं नाव लागतं. बाईचं मोठेपण कशात धरायचं, हा घोळ वऱ्हाडात तेव्हापासूनचा आहे आणि त्याचा माग काढण्यासारखा आहे.

पुराणांनी या घोळात कधी डोकं घातलं नाही. विदर्भाच्या राजकन्या म्हणजे बाहेर दिलेल्या मुली. अगस्त्याची लोपामुद्रा, नळाची दमयंती, अजाची इंदुमती, कृष्णाची रुक्मिणी. प्रत्येकीच्या नावामागे नवरा आणि गोष्टीच्या मध्यभागी लग्न. लोपामुद्रेच्या नावावर ऋग्वेदात ऋचा आहेत आणि त्यांत तपात बुडालेल्या नवऱ्याकडे ती उघड तक्रार करते, पण गोष्ट सांगताना तेवढं गळून जातं. रुक्मिणीचंही तेच. वर्धेच्या काठी तिवसा तालुक्यात तिचं कौंडिण्यपूर. भावाने शिशुपाल ठरवला होता. तिने ब्राह्मणाहाती द्वारकेला निरोप धाडला आणि नुसती विनवणी केली नाही, बेतही कळवला: लग्नाच्या आदल्या दिवशी मी देवीच्या दर्शनाला बाहेर येईन, तिथून मला ने. ती देवी म्हणजे अमरावतीची अंबादेवी, असं अमरावतीकर ठामपणे सांगतात. भागवताच्या कथेत योजना तिची आणि रथ कृष्णाचा. आपण मात्र त्याला रुक्मिणीहरण म्हणतो, जणू ती उचलून नेण्याची वस्तू होती. पुढे तर कमालच झाली. मुलीचं लग्न जमेना की घरातली आजी तिला एकनाथांच्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’चं पारायण करायला बसवते. भावाने ठरवलेलं स्थळ मोडणाऱ्या मुलीचा ग्रंथ, आणि तो वाचायचा घरच्यांनी पाहिलेलं स्थळ लवकर जुळावं म्हणून!

एकनाथांच्या तीनेकशे वर्षं आधी हीच रुक्मिणी एका बाईने गायली होती, आणि तीही रिद्धपुरातच. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा भक्तांनी मांडला, तेव्हा महदाईसेने ‘धवळे’ म्हटले. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री ती हीच. शाळेत आपण एवढंच पाठ करतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. मला तिचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. ती प्रश्न विचारत असे. ‘लीळाचरित्रा’त महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांना ती सारखी काही ना काही पुसताना दिसते, आणि तिच्या या पुसण्याचं स्वामींना कौतुक आहे. विधवा, वयाने मोठी, संसाराच्या हिशेबात कुठेच न बसणारी अशी ती बाई. तिला तिथे जागा मिळाली ती जिज्ञासेमुळे. कुणाची कोण म्हणून तिला तिथे कुणी मोजलं नाही.

त्या पंथात पुढे जे घडलं त्याची बरोबरी करील असा प्रसंग मराठीच्या इतिहासात मला दुसरा दिसत नाही. चक्रधरांनंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. पंथातले केशिराज संस्कृतात लिहू पाहत होते. नागदेवांनी त्यांना अडवलं आणि कारण सांगितलं ते म्हाताऱ्यांचं: संस्कृतात लिहाल तर माझ्या या म्हाताऱ्या नागवल्या जातील. म्हणजे ग्रंथ कोणत्या भाषेत लिहायचा हे ठरलं ते दरबार बघून नव्हे, पंडित बघून नव्हे, समोर ऐकत बसलेल्या बायका बघून. २०२४ मध्ये याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. त्याच्या पायाशी चक्रधरांचं, ‘लीळाचरित्र’ लिहिणाऱ्या म्हाइंभटांचं नाव आहे आणि ते असायलाच हवं. पण त्या म्हाताऱ्यांचाही तिथे हक्क आहे.

सिंदखेडराजाच्या जिजाऊंबद्दल वेगळं काय सांगायचं? वऱ्हाडातली ही सगळ्यात मोठी बाई, आणि सगळ्यात जास्त ‘आई’ याच एका शब्दात कोंडली गेलेली. १६२९ मध्ये निजामशाहीच्या दरबारात तिचे वडील लखुजी जाधव आणि भाऊ मारले गेले. पुण्याची उजाड जहागीर तिने वसवली. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्यात अडकले तेव्हा मागे कारभारावर तिची नजर होती. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, पण पुतळा करताना तिच्या शेजारी लहानगा शिवबा लागतोच. प्रभावतीच्या मुद्रेवरचा युवराज काही हलायला तयार नाही.

त्याला पहिला जाहीर धक्का दिला तो सिंदखेडराजाच्याच जिल्ह्यातल्या एका बाईने. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे तिथल्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक विचारांचे. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर खटला चालला. तिने आपलं नवजात मूल मारलं होतं. फाशी झाली, मग ती शिक्षा कमी झाली. या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांत बाईच्या जातीवर जी राळ उडाली, तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. १८८२ साली ते पुण्यात छापलं गेलं. किंमत नऊ आणे, प्रती पाचशे.

या पुस्तकाचं वर्णन ‘स्त्रीवादी निबंध’ असं करतात. बरोबर आहे, पण ते वाचताना पहिल्यांदा जाणवतो तो राग, आणि रागातही न ढळणारी विनोदबुद्धी. घरात, पाणवठ्यावर बायका बोलतील तशी भाषा, आणि युक्तिवाद मात्र वकिलाचा. माझ्या विषयाशी तिचा संबंध असा की, तोवर आदर्श स्त्रियांची जी यादी बायकांच्या तोंडावर फेकली जात होती, ती ताराबाईंनी उचलली आणि उलटी करून दाखवली. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली, हे तुम्ही आम्हाला रोज सांगता. बायकोसाठी त्या वाटेवर निघालेला एखादा नवरा दाखवा की! नवरा मेला तर दोष बायकोच्या पायगुणाचा, बायको मेली तर दहाव्या दिवशी दुसरी. स्त्रियांच्या कपटाच्या गोष्टी पुराणांपासून ‘स्त्रीचरित्र’ नावाच्या पुस्तकापर्यंत पुरुषांनीच रचल्या, मग त्या गोष्टींतलं कपट कुणाच्या डोक्यातलं? हा प्रश्न तिने विचारला त्याच क्षणी थोर बायकांची यादी अपुरी पडली. सुरतेच्या तुरुंगात बसलेली, कुणाचीही आदर्श नसलेली विजयालक्ष्मी तिच्या पुस्तकाचं कारण होती. पूज्य बाईंपासून बदनाम बाईंकडे वळलेली ही नजर मराठीत त्याआधी इतकी थेट कुठे दिसत नाही.

पुस्तकावर टीका झाली. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. आणि पहिलंही विस्मरणात गेलं ते थेट १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. त्र्याण्णव वर्षं! या काळात वऱ्हाडात रेल्वे, जिनिंग, कॉलेजं, सत्याग्रह सगळं येऊन गेलं, फक्त बुलढाण्याच्या बाईचं पुस्तक बुलढाण्याला मिळत नव्हतं. कारण सरळ आहे. ती कुणाची आई म्हणून, कुणाची राणी म्हणून आठवता येत नव्हती. तिचं जे होतं ते म्हणणं होतं, आणि बाईचं म्हणणं जपून ठेवायची आपल्याला सवय नव्हती.

हीच गत थोड्या वेगळ्या रीतीने अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांची झाली. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, बाबासाहेब आंबेडकर हजर होते आणि अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरण्यांत आणि विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना पगारी रजा, असे ठराव तिथे झाले. अध्यक्षीण बाई संततिनियमनावर भर सभेत बोलल्या. हिंदू कोड बिलाच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तिचा तपशील सर्वांपर्यंत पोचला तो मुख्यतः ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या कार्यकर्तींना गाठून, ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं म्हणून. नागदेवांच्या म्हाताऱ्या ऐकणाऱ्या होत्या, या म्हाताऱ्या सांगणाऱ्या झाल्या.

त्याच पिढीत शिकलेल्या घरांतूनही एक वेगळी वाट फुटत होती. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या वाशिमला जन्मलेल्या गीता साने गणित शिकल्या, तिशीच्या दशकात कादंबऱ्या लिहिल्या, आणि पुढे चंबळच्या खोऱ्यात जाऊन डाकूंच्या मुलखाचा अभ्यास करून ‘चंबळची दस्युभूमी’ लिहिली. शोधयात्री म्हटलं की आपल्याला जहाज आणि बर्फ आठवतो. वाशिमची बाई चंबळला जाते, हे त्यात धरायला काय हरकत आहे? अमरावतीत जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे यांनी लंडनला इंग्रजीचं शिक्षण घेतलं, नागपुरात शिकवलं, मराठी कादंबरीचा साक्षेपी आढावा लिहिला. १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. १८७८ पासूनच्या परंपरेत पहिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या गेल्या. त्यांचं समीक्षेचं काम मागे पडलं आणि पती कवी अनिल यांच्याशी झालेला पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ तेवढा लोकांच्या आठवणीत राहिला. अनिल मूर्तिजापूरचे, कवी मोठे, पत्रं सुंदर, त्यात वादच नाही. पण मोजणीची जुनी सवय इथेही आडवी आलीच.

‘पहिली महिला’ हे बिरुद त्या सवयीवरचा उतारा वाटतं, म्हणून आपण ते आनंदाने लावतो. जळगावच्या लेक आणि अमरावतीच्या सून प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या तेव्हा अमरावतीत पेढे वाटले गेले. अभिमान खोटा नव्हता. तरीही ‘पहिली’ या मापात एक खोट आहे: खुर्ची मोजली जाते, बोलणं मोजलं जात नाही. कुसुमावतींपासून आजवर संमेलनाध्यक्ष झालेल्या स्त्रिया सहा. त्यांतल्या पाचव्या, अरुणा ढेरे, २०१९ मध्ये यवतमाळला, म्हणजे वऱ्हाडातच, अध्यक्ष होत्या. अध्यक्षस्थानी बाई, आणि उद्‌घाटनाला बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मात्र ऐनवेळी रद्द. कारण त्या काय बोलतील याची धास्ती! बाईला खुर्ची द्यायला आपण शिकलो होतो, तिचं भाषण ऐकायला अजून कचरत होतो.

गंमत अशी की त्या रिकाम्या जागी आयोजकांनी वैशाली येडे यांना बोलावलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या, नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकटीने घर सांभाळणाऱ्या, ‘तेरवं’ नाटकात काम करणाऱ्या. राणी नाही, लेखिका नाही, पहिली कुणी नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्‌घाटन त्यांनी केलं आणि मागे राहिलेल्या बायकांचं जगणं वऱ्हाडी बोलीत मांडलं. काहींना ती तडजोड वाटली, आणि सहगल यांच्यावरचा अन्याय त्याने धुतला जात नाही हेही खरं. पण ताराबाईंनी १८८२ मध्ये ज्या बाईकडे बोट दाखवलं होतं, तशी बाई या वेळी स्वतः माईकसमोर उभी होती. त्याच वर्षी त्यांनी लोकसभाही लढवली, हरल्या. माझ्या मते वऱ्हाडच्या थोर स्त्रियांच्या यादीत त्यांचं ते भाषण घ्यायला हवं, मग पुतळा होवो न होवो.

१२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला अफाट गर्दी लोटते आणि पुस्तकांची दुकानं रांगेने लागतात. यंदा गेलात तर ‘स्त्रीपुरुष तुलना’ मागा. पुस्तक लहान आहे, परतीच्या एसटीत वाचून होईल. शेजारी कुणी बसलं असेल तर सावित्रीचा भाग मोठ्याने वाचा.