अजाणतेपणाचें ऋण

एखादें कृत्य करतांना त्याचा दुष्परिणाम कर्त्यास ठाऊक नव्हता, आणि तत्कालीन कायद्यानेंही तें निषिद्ध मानलें नव्हतें, तर पुढें उघडकीस आलेल्या हानीची जबाबदारी त्याच्यावर पडते काय? आपल्या धर्मशास्त्रकारांनीं अजाणतां घडलेल्या दोषासही प्रायश्चित्त सांगितलें. जाणूनबुजून केलेल्या दोषाहून हलकें, पण सांगितलें खरें. हा जुना प्रश्न आज एका शहराच्या जमिनीखालीं पुन्हां उभा राहिला आहे. त्याचा विचार वाचकांपुढें मांडावा, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत सांता क्लारा नांवाचें खोरें आहे. एके काळीं तें फळबागांसाठीं प्रसिद्ध होतें. आज महाराष्ट्रांतील कित्येक सुशिक्षित कुटुंबांचीं मुलें तेथें उद्योगानिमित्त स्थायिक झालीं आहेत. त्या खोऱ्यांतील माउंटन व्ह्यू शहरीं, मिडलफील्ड, एलिस व व्हिसमन या रस्त्यांच्या परिसरांत, १९६० व १९७० च्या दशकांत संगणकाच्या चिप बनविण्याचे कारखाने होते. स्वच्छता हा त्या धंद्याचा प्राण. तेलकटपणा व मळ धुऊन काढण्यास तेथें ट्रायक्लोरोएथिलीन नांवाचें द्रावक वापरीत. जमिनीखालच्या टाक्यांतून व नळांतून तें झिरपलें, आणि १९८१-८२ मध्यें तपास झाला तेव्हां भूजल दूषित झाल्याचें आढळलें. वरच्या मजल्यावर धुळीचा कणही खपत नव्हता, आणि पायाखालीं हें चाललें होतें!

हें द्रावक मोठें चिवट. तेल पाण्यावर तरंगतें. हें पाण्याहून जड असल्यामुळें बुडतें आणि चिकणमातीच्या थरांत मुरून बसतें. पाणी उपसून शुद्ध करावें, तों ती माती आपला सांठा हळूहळू पुन्हां सोडीतच असते. तें कर्करोगास कारण होतें, म्हणून पिण्याच्या पाण्यांत शंभर कोटी भागांस पांच भाग एवढीच त्याची मर्यादा अमेरिकेंत ठरविली आहे. माउंटन व्ह्यूचे रहिवासी हें दूषित पाणी पीत नाहींत. परंतु त्याची वाफ मातींतून चढून इमारतींच्या तळांतून आंत शिरूं शकते. म्हणून १९८९ सालीं ठरलेल्या शुद्धीकरणाच्या योजनेंत २०१० सालीं घरांतील हवेच्या रक्षणाची भर घालावी लागली.

खर्च कोणीं सोसावा? १९८० सालीं अमेरिकेनें केलेला कायदा सांगतो, कीं ज्याच्यामुळें विष सांडलें त्यानें. मग तें सांडणें कायद्यापूर्वींचें असो, कीं पुरेशी काळजी घेऊनही झालेलें असो. त्याप्रमाणें फेअरचाइल्ड, इंटेल, रेथिऑन आदि कंपन्यांवर तेथील जबाबदारी आली. यावर आक्षेप उघड आहे. काल जें निषिद्ध नव्हतें, त्याबद्दल आज दंड करणें हा न्याय कसला? हें द्रावक सहज पेट घेत नाहीं, म्हणून एके काळीं तें सुरक्षितच समजलें जाई.

आक्षेप पोकळ नाहीं. परंतु त्यांत दंड आणि ऋण यांची गल्लत झाली आहे, असें आम्ही समजतों. लग्नघरीं जमविलेल्या भांड्यांतून शेजाऱ्याचें पातेलें चुकून आपल्या घरीं आलें, तर आपण चोर ठरत नाहीं; पण म्हणून तें पातेलें आपलें होत नाहीं. दंडास दोष सिद्ध व्हावा लागतो. ऋणास आपल्याकडे दुसऱ्याचें कांहीं आलें एवढें पुरतें. त्या धंद्याचा नफा धनिकांकडे गेला आणि त्याची घाण शेजाऱ्यांच्या घराखालीं राहिली. धनिक निर्दोष असेल. तो अनृणी मात्र नाहीं.

ऋण म्हटलें, कीं तें आपल्याच पदरचें फेडलें पाहिजे. उपसलेलें पाणी कोळशांतून गाळलें म्हणजे विष नाहींसें होत नाहीं. तें कोळशांत जातें, आणि तो कोळसा पुन्हां वापरावयाचा तर भट्टींत तापवावा लागतो. असें काम करणारा एक कारखाना ॲरिझोना प्रांतांत पार्कर गांवाजवळ, कोलोरॅडो नदीकांठच्या मूळ रहिवाशांच्या राखीव भूमीवर आहे. एका वस्तीचा भार दुसऱ्या, अधिक दुबळ्या वस्तीवर गेला, तर तें ऋण फिटलें नाहीं. केवळ सावकार बदलला.

हें काम सुरू होऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि तें एका पिढींत संपणारें नाहीं. ज्यांच्या हातून द्रावक सांडलें ते कामगार केव्हांच निवृत्त झाले. पंप चालविणारे आज दुसरेच आहेत. पण वडिलांचें कर्ज फेडणाऱ्या मुलास आपण अपराधी म्हणत नाहीं. उलट त्याच्या शब्दावर लोक अधिक विश्वास ठेवतात. कारखानदारांनीं आणि राष्ट्रांनींही ही प्रतिष्ठा मिळवावी. मात्र ती मिळते हप्त्यामागून हप्ता बिनतक्रार भरल्यानें, आणि धनको अजून जन्मालाही आला नसतां भरल्यानें.