माया आणि वांटा

मुलीला माहेरीं माया मिळावी, वांटा मात्र मिळूं नये, ही रीत आपल्या घरांतून इतकी मुरलेली होती कीं, तींत कांहीं अन्याय आहे असें भल्याभल्यांसही वाटत नसे. वडिलोपार्जित मिळकतींत मुलीला हक्क देणारी सुधारणा महाराष्ट्रांत १९९४ सालीं झाली. देशभर ती २००५ सालीं आली. माया व वांटा यांच्या या फारकतीचा विचार आम्हांस येथें एका रानाच्या निमित्तानें करावयाचा आहे.

गढवालांतील रेणी गांवाजवळच्या रानांतील झाडें लिलावांत विकलीं गेलीं होतीं. २६ मार्च १९७४ रोजीं गांवचे पुरुष सैन्यासाठीं घेतलेल्या जमिनीच्या भरपाईकरितां चमोलीस गेले असतां मजूर कुऱ्हाडी घेऊन आले. तेव्हां गौरादेवी व त्यांच्यासह मिळून सत्तावीस बायामुलींनीं वाट अडविली, आणि मजुरांस परतावें लागलें. त्या रानाला गौरादेवींनीं आपलें माहेर म्हटल्याचें सांगतात.

कायद्याच्या दृष्टीनें पाहतां ठेकेदाराची बाजू पक्की होती. त्यानें बोली जिंकली होती. बायांपाशीं कागद नव्हता, अनुभव होता. १९७० सालचा अलकनंदेचा पूर त्यांच्या स्मरणांत होता. सरपण, चारा आणि पाणी रोज वाहून आणणारीस रान तुटल्याची झळ सर्वांआधीं लागते.

अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, नीतिविचाराची वाढ मोजण्याची रूढ फूटपट्टी मुलग्यांच्या उत्तरांवरून घडविलेली होती. ‘हक्क कोणाचा?’ असें विचारणें तिच्या मतें प्रौढपणाचें. ‘कोण कोणावर अवलंबून आहे? इजा कोणास पोहोंचेल?’ असें विचारणें कच्चेपणाचें. रेणीच्या बायांनीं हा दुसराच प्रश्न विचारला. तो कच्चा होता असें आज कोण म्हणेल?

परंतु येथेंच एक खळगा आहे. कोणी म्हणेल, ‘स्त्री जात्याच मायाळू, तेव्हां रानें राखण्याचें काम तिच्याकडेच असूं द्यावें.’ ही स्तुति आम्हांस घातक वाटते. डोंगरांतील बाईला रानाचें मर्म कळतें तें स्वभावामुळें नव्हे, श्रमामुळें. सरपणाचा भारा तिच्या भावाच्या डोक्यावर असता, तर तें त्यालाही कळलें असतें. एकदां स्वभाव म्हटलें कीं मोबदला, विश्रांति आणि अधिकार हे तिन्ही प्रश्न परस्पर मिटतात, आणि सेवेची वेठ होते.

चमोली जिल्ह्यांतीलच डुंगरी-पैतोली येथें १९८० सालीं याचा पडताळा आला. रस्ता, शाळा, दवाखाना आणि वीज यांच्या बदल्यांत बांज वृक्षांचें, म्हणजे हिमालयी ओकांचें, रान तोडूं देण्यास पुरुषांच्या पंचायतीनें संमति दिली. या गोष्टी कांहीं वाईट नव्हत्या; गांवास त्या हव्याच होत्या. पण रान गेल्यावर सरपणासाठीं लांबवर कोण चालणार, हें चालणारणीला कोणीं विचारलें नव्हतें. बायांनीं विरोध केला आणि रान राखलें. घरच्याच माणसांचा रोष त्यांना त्यासाठीं पत्करावा लागला.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, जो काळजी वाहतो त्यास निर्णयांत वांटा असावा, आणि ज्यास निर्णयांत वांटा आहे त्यानें काळजीचा भारही उचलावा. मायेवांचून न्याय ही नुसती हिशेबाची वही. न्यायावांचून माया ही वेठ. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें वनजमिनीचा हक्क विवाहितांच्या बाबतींत पति-पत्नींच्या संयुक्त नांवें नोंदविण्याचें ठरविलें. तें पाऊल लहान असलें, तरी योग्य दिशेचें आहे.

हिमालय दूर आहे असें वाचकांनीं समजूं नये. आपल्या इमारतींत नळाला पाणी केव्हां येतें, किती वेळ टिकतें, कोणत्या महिन्यांत आटतें, हें घरांत कोणास ठाऊक असतें? आणि पाण्याविषयीं सभा भरते, तेव्हां ती बोलणारांत बसलेली असते, कीं चहा करणारांत?