नक्की आणि कायमचे

कंबर किंवा गुडघा धरून सरकारी दवाखान्यात आलेला माणूस बहुधा दोनच गोष्टी विचारतो. नक्की बरे होईल का? आणि कायमचे बरे होईल का? हे प्रश्न अडाणीपणाचे मुळीच नाहीत. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’चा प्रारंभच या जोडीने होतो. तीन प्रकारच्या दुःखांचा तडाखा बसतो म्हणून माणूस उपायाच्या शोधात निघतो, असे पहिली कारिका सांगते. मग शंका येते, की औषधपाण्यासारखे डोळ्यांदेखतचे उपाय असताना तत्त्वज्ञानाचा खटाटोप हवा कशाला? तिला उत्तर असे, की ते उपाय ऐकांतिक नाहीत आणि आत्यंतिकही नाहीत. म्हणजे हमखास नाहीत, कायमचेही नाहीत. दीड हजार वर्षांहून जुना हा शेरा, तीन महिने उलटूनही न हटणाऱ्या पाठदुखीला आजही जसाच्या तसा लागू पडतो. सांख्यांनी त्यावरून पुढे मोक्षाची वाट धरली. पण दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या माणसाला उद्या वावरात जायचे असते. हमखास नाही आणि कायमचाही नाही, अशा उपायाला त्याच्या लेखी काही किंमत आहे का? आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि ती किंमत मोजायला आपण शिकलो नाही म्हणूनच एकीकडे ‘भोग’ आणि दुसरीकडे ‘सुई’ या दोन टोकांत आपली दुखणी अडकून पडली आहेत.

दुखण्याचा पसारा लहान नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली, तेव्हा सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू, पाठ यांचे दुखणे असल्याचे आढळले. पाचांतला जवळजवळ एक. जालना जिल्ह्यात दिवसभर वाकून कापूस वेचणारी बाई आहे, सळईच्या कारखान्यात भट्टीपुढे पाळी करणारा कामगार आहे, दिवाळीच्या आगेमागे घनसावंगी-मंठ्याकडून ऊसतोडीला निघणारे जोडपे आहे. या सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास सापडते: ‘भोग हायेत, भोगायचे.’

हे वाक्य आकाशातून पडलेले नाही. याच जिल्ह्यातल्या जांबेत १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांच्या दासबोधाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक अशा तीन तापांवर तीन समास आहेत. ‘आध्यात्मिक’ या शब्दाने आज प्रवचनाचा मंडप आठवतो. रामदासांच्या लेखी मात्र तो देह, इंद्रिये आणि प्राण यांच्या योगे होणारा त्रास आहे, आणि त्या समासात खरूज, नारू, देवी, गोवर अशी रोगांची भलीमोठी जंत्री येते. या तापाचे मूळ ते पूर्वपापात सांगतात. हे लपवण्यात अर्थ नाही. पण पुढच्याच समासात, बाहेरच्या भूतमात्रांच्या संबंधाने होणारा त्रास ते वेगळा काढतात: ठेच, काटा, विंचू. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या माणसाची मान कोणत्या समासात बसेल? माझ्या मते दुसऱ्या. हा अर्थ रामदासांचा नाही, माझा आहे. पण त्यांनी केलेली विभागणी तो करू देते. शिवाय प्रयत्नाची शिकवण देणारा समासही, बाराव्या दशकातला नववा, त्याच ग्रंथात आहे. ज्याला सगळे प्रारब्धावरच सोडायचे होते त्याने तो कशाला लिहिला असता?

बुद्धवचन याहून स्पष्ट आहे, आणि मराठवाड्यात बुद्धवचनाला घराघरांतून मान आहे. संयुत्त निकायातल्या सीवक सुत्तात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक विचारतो, की सगळी सुखदुःखे पूर्वकर्मामुळेच होतात असे काही जण म्हणतात, ते खरे का? बुद्ध आठ कारणे मोजतात. पित्त, कफ, वात, तिन्ही एकत्र, ऋतूतला बदल, विषम परिहार म्हणजे शरीराची आबाळ, दुसऱ्याने केलेली इजा, आणि शेवटी कर्मविपाक. आठांतले एक. सगळे कर्मावर टाकणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाने खरे मानलेल्या गोष्टींच्या पलीकडे धावतात, असा ठपकाही ते ठेवतात. विषम परिहाराचा खुलासा करताना अट्ठकथेने, म्हणजे सुत्तावरच्या पाली टीकेने, उदाहरण काय द्यावे? जड ओझी वाहणे.

यावर वेदान्ती वाचक तितिक्षेकडे बोट दाखवील, आणि त्याचा आक्षेप वजनदार आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तितिक्षेची व्याख्या आहे, ती प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सर्व दुःखे सोसणे अशी. म्हणजे उपाय न शोधणे हाच गुण ठरतो. पण हे व्रत कुणाचे? मुमुक्षूचे, ज्याने ते समजून-उमजून पत्करले त्याचे. स्वतः घेतलेले व्रत वेगळे आणि दुसऱ्याच्या माथी मारलेले वेगळे. दवाखान्यात सासूच्या गुडघ्याबद्दल ‘वय झालं, आता चालायचंच’ म्हणणारी सून किंवा डॉक्टर कोणतीही तितिक्षा पाळत नसतात. सोसणारी भलतीच असते. आणि कर्मसिद्धान्त पुरता मान्य केला तरी त्यातून मदत नाकारण्याचा हक्क निघत नाही. भूक प्रारब्धाने लागली असे मानणाराही पंगतीला आलेल्याला भाकरी वाढतोच.

आता दुसरे टोक. ‘भोग’ मानणारा माणूसच बाजाराच्या दिवशी सुई टोचून घेतो, कारण तिथे हमखास गुण येतो. निदान दोन दिवस. मग पुन्हा सुई, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली वेदनाशामक गोळी, आणि काही वर्षांनी पोटातला व्रण किंवा मूत्रपिंडाची तक्रार. त्याच्या जोडीला एक नवे प्रारब्धही तयार झाले आहे. ‘मणक्यात गॅप आला’, ‘गादी सरकली’, ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’. फोटोची काळी फिल्म प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवायची आणि जन्मपत्रिकेसारखी दर नव्या डॉक्टरापुढे उलगडायची. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांचे मणक्यांचे स्कॅन एकत्र पाहिले गेले. मणक्यांमधल्या चकतीची झीज विशीतल्यांपैकी ३७ टक्क्यांत होती, ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांत. केस पिकावेत तशी ही झीज. ती दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही. पण एकदा ‘गॅप’ ऐकलेला माणूस वाकायला भितो, भितो म्हणून हलत नाही, हलत नाही म्हणून स्नायू आखडतात, आणि दुखणे वाढते. बुद्धांनी सांगितलेला दुसरा बाण तो हाच: पहिला शरीराला लागतो, दुसरा मनाला. फरक इतकाच, की इथे दुसरा बाण बऱ्याचदा दवाखान्यातून सुटतो.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये प्राथमिक आरोग्यसेवेसाठी जुनाट कंबरदुखीची मार्गदर्शिका काढली. तीत दुखणे समजावून सांगणे, व्यायाम, मनाला आधार देणारे उपचार यांना जागा आहे. कमरेचा पट्टा, वजन लावून ताणणे आणि अफूवर्गातली औषधे नेहमीच्या उपचारात नकोत, असे ती सांगते. तिच्या बहुतेक शिफारशींमागचा पुरावा फारसा भक्कम नाही, हेही ती कबूल करते. ईश्वरकृष्णाचा शेरा जिनिव्हातही खोडला गेलेला नाही! तरी दहावर असलेले दुखणे सहावर आले, रात्री झोप लागली, नळावरून हंडा आणता आला, तर ते शून्य नव्हे.

राबणाऱ्याला व्यायाम सांगणे ही थट्टा आहे, असा आक्षेप उरतो. तो अर्धा खरा आहे. कष्टात अंगाची एकच बाजू झिजते आणि थांबायचे कधी हे मुकादम ठरवतो. व्यायामात ते स्वतः ठरवता येते. पण ओझ्याची चौकशी न करता व्यायामाचा कागद हातावर ठेवणे म्हणजे ‘भोग’ हाच शब्द नव्या अक्षरात लिहिणे. आणि दुखणे सांभाळायला सांगणे म्हणजे सगळ्याकडे डोळेझाक करणेही नव्हे. ताप, घटते वजन, पायातली वाढती कमजोरी, लघवीवरचा ताबा जाणे, सकाळी तासभर न सुटणारे सुजलेले बोटांचे सांधे. यांमागे मणक्याचा क्षय किंवा आमवात असू शकतो. तिथे सोसणे हा अपराध आहे, माणसाला तत्काळ पुढे पाठवायला हवे.

एवढ्या बोलण्याला वेळ कुठून आणायचा, असे प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर विचारील. सुई भरायला लागतो तितक्या वेळात एक प्रश्न विचारून होतो. पुढच्या खेपेला फिल्मची पिशवी घेऊन कुणी समोर बसले, तर डॉक्टरांनी, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी, आशाताईंनी ती उघडण्याआधी तेवढे विचारावे: दिवसाला किती ओझे उचलता, आणि कुणासाठी?