आसरा आणि घर

संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पाचोड लागते. तेथल्या एका शाळेच्या किल्ल्या गेली काही वर्षे माझ्याकडे आहेत. मुख्याध्यापकाला समाजात जो काही मान असतो, तो त्याच्या विद्वत्तेपेक्षा किल्ल्यांच्या या जुडग्यामुळेच असतो, असे मी पूर्वी थट्टेने म्हणत असे. सप्टेंबर २०२५ नंतर मी ती थट्टा सोडून दिली. ज्याच्या हाती किल्ली त्याच्या हाती दुसऱ्याचे घर असू शकते, हे मला त्या महिन्यात कळले. आणि ते मी नीट सांभाळले नाही, हेही कळले. या लेखाचे निमित्त एवढेच.

त्या महिन्यात मराठवाड्यावर पाऊस कोसळला. जायकवाडीचे दरवाजे उघडले, गोदाकाठच्या गावांतून आणि पैठणमधून माणसे हलवावी लागली. पाचोडच्या परिसरात ओढे-नाले फुगले. आमच्याकडे जुनी घरे मातीच्या भिंतींची, माळवदाची. असे घर एका सरीने पडत नाही. पाणी दोनतीन दिवस मातीत मुरत राहते आणि मग एका रात्री भिंत खाली बसते. अशी भिंत बसलेली अकरा कुटुंबे चिखल तुडवीत शाळेच्या दारात आली. मी कुलूप काढले. मागच्या बाजूच्या चार खोल्यांतले बाक बाहेर काढून वऱ्हांड्यात रचले. गावातून भाकरी आल्या, कोणी चादरी दिल्या. त्या रात्री घरी परतताना मला स्वतःविषयी फार बरे वाटत होते. ते सुख खोटे होते असे मी म्हणत नाही. ते अपुरे होते.

तिसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक म्हातारी माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, खोलीला आतून कडी न्हाई. लेकीबाळी हायेत. रातीचा डोळा लागत न्हाई." शाळेच्या खोल्यांना बाहेरून कडी असते, कारण शाळेला चिंता सामानाची. आतल्या कड्या केव्हाच मोडलेल्या होत्या आणि त्या बसवण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. मी म्हणालो, "आजी, चार दिवसांचा तर प्रश्न आहे." तिने मान डोलावली आणि ती गेली. रात्री दाराच्या कोयंड्याला लुगड्याची चिंधी बांधून तिचे टोक ती उशाखाली घेऊन निजते, हे मला पुढे शाळेच्या शिपायाने सांगितले.

ती कुटुंबे शाळेत एकोणीस दिवस राहिली. कडी एकोणिसाव्या दिवशीही बसलेली नव्हती. चार कड्यांना पैसे असे कितीसे पडले असते? कंजूषपणा हे त्याचे कारण नव्हते. पाचव्या दिवशी मला वाटले, आता दोनतीन दिवसांसाठी कशाला? दहाव्या दिवशी वाटले, आता तर जातीलच. प्रत्येक दिवशी माझा हिशेब त्या दिवसापुरता बरोबर होता. एकोणीस बरोबर हिशेबांची बेरीज मात्र अन्याय झाली. एक दाणा काढल्याने रास मोडत नाही, दुसरा काढल्यानेही मोडत नाही, मग ती मोडते तरी कोणत्या दाण्याला, असा एक जुना प्रश्न ग्रीक तत्त्वज्ञांच्या नावावर आहे. कॉलेजात तो मला केवळ शब्दांचा खेळ वाटला होता. तात्पुरता निवारा कोणत्या दिवशी तात्पुरता राहत नाही, हा त्याच जातीचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर मिळेतोवर कोणीतरी चिंधी उशाशी घेऊन जागत असते.

तात्पुरता म्हणजे तेवढ्यापुरता. पण केवढ्यापुरता? या शब्दात एक अवधी गृहीत आहे आणि तो कधी उच्चारला जात नाही. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तेव्हा पुण्यातल्या बेघर लोकांना प्रथम शाळांतून आणि मग अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटांतून ठेवण्यात आले. पूरग्रस्तांच्या वसाहतींतील मालकीहक्काचा प्रश्न त्यानंतर अर्धे शतक उलटले तरी सरकारदरबारी चर्चेत होता. मुंबईत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा व पुनर्बांधणीचा कायदा १९६९ मध्ये झाला. इमारत पडली वा पाडली की रहिवाशांनी संक्रमण शिबिरात जायचे आणि नवी उभी राहिली की परतायचे, अशी ती व्यवस्था. 'संक्रमण' म्हणजे ओलांडून जाणे. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत एका क्षणात जातो. त्या शिबिरांत मात्र माणसे जन्मली, त्यांची लग्ने झाली, त्यांची मुलेही तेथेच वाढली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना उतरवले. १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले, मोठे शहर झाले. पण तेथला माणूस आजही आपला पत्ता 'कॅम्प नंबर' असा सांगतो. जे तात्पुरते म्हणून दिले जाते ते लवकर संपत नाही, असाच आपला अनुभव आहे. आणि तात्पुरते म्हणून त्यात जे कमी ठेवलेले असते, तेही तसेच कमी राहते.

किल्लारीचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोक निजले असताना, भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे यांखाली हजारो माणसे गेली. वाचलेल्यांसाठी पत्र्याचे शेड उभे राहिले. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली राहणे काय असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला अधिक सांगायला नको. लोकांनी त्यांत दिवस काढले; पन्नासच्या वर गावे नव्या जागी वसली. त्या नव्या गावांत घरे जमिनीच्या मानाने दिली गेली: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरांच्या धन्याला ४००, त्याहून मोठ्याला ७५०. धरणीकंपाने माणसांत भेद केला नव्हता, तो पुनर्वसनाने केला. याला उत्तर आहे, नाही असे नाही. ज्याचे गेले त्याला त्याच्या मानाने परत द्यावे, हा न्यायाचा एक अर्थ आहे. ज्याला जेवढी गरज त्याला तेवढे द्यावे, हा दुसरा. पहिला अर्थ हानी मोजतो, दुसरा माणूस मोजतो. संकटाच्या पहिल्या रात्री आपण सगळे दुसऱ्या अर्थाने वागतो; शाळेच्या दारात आलेल्याला 'तुझी जमीन किती' असे मी विचारले नाही. मग दिवस जातात, कागद येतात आणि आपण हळूहळू पहिल्या अर्थाकडे सरकतो. २०२५ मध्येही मदतीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये होते आणि झोपडीला ८ हजार. पंचनाम्यात 'घर' लिहायचे की 'झोपडी', या एका शब्दावर एका कुटुंबाची पुढली दहा वर्षे ठरतात.

माझ्या अकरा कुटुंबांपैकी पाच ऊसतोडीला जाणारी होती. आमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांकडे गाड्या निघतात. मग चारपाच महिने उसाच्या फडाजवळ पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत संसार. शाळा कधी मोकळी होणार, अशी चर्चा गावात निघाली तेव्हा एक शहाणे गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, ती माणसं तशीही दिवाळीला निघणारच. त्यांना सवय आहे." मला ते पटले, असे मी लाजेने पण स्पष्टपणे लिहितो. ज्याने फार सोसले त्याला आणखी थोडे सोसायला काय जड आहे, हा युक्तिवाद जगात फार चालतो आणि तो नेहमी न सोसलेल्याच्या तोंडून येतो. वस्तुतः उलटे असायला हवे. जो वर्षाचे पाच महिने कोपीत काढतो, त्याला उरलेल्या सात महिन्यांची भिंत आपल्यापेक्षा अधिक मोलाची असते. तो कोपीत राहू शकतो, कारण पाठीमागे कुठेतरी त्याचे घर आहे. तेथे त्याची म्हातारी माणसे आहेत, पेटी आहे, उंबरा आहे.

कोपीही तात्पुरती आणि शाळेची खोलीही तात्पुरती; मग फरक कोठे? आमच्याच जिल्ह्यात वेरूळची लेणी आहेत. घर सोडून निघालेल्या भिक्षूंनी पावसाळ्यात एके ठिकाणी राहावे, या वर्षावासाच्या रीतीतून विहार वाढले. ज्यांना घर नको होते, त्यांचा तीन महिन्यांचा आडोसा दगडात कोरला जाऊन दीड हजार वर्षे टिकला. ज्यांना घर हवे आहे, त्यांना आपण पत्रा देतो. पण भिक्षूने अनिकेत होणे स्वतः निवडले होते आणि आपण केव्हा निघायचे हे त्याला ठाऊक होते. आश्विन पौर्णिमा झाली की वर्षावास संपे. माझ्या शाळेतल्या माणसांना या दोहोंतले काहीच नव्हते. ना त्यांनी ते निवडले होते, ना ते केव्हा संपणार हे त्यांना कोणी सांगितले होते. राहण्याच्या मुदतीपेक्षा ती मुदत कोणाच्या हाती आहे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटू लागले आहे.

कोणी म्हणेल, आसरा देणाऱ्यालाही काही बाजू असते की नाही? असते, आणि ती हलकी नाही. वऱ्हांड्यात रचलेल्या बाकांच्या आडोशाला माझी मुले शिकत होती, प्रथम सत्राची परीक्षा तोंडावर आली होती, पालक विचारू लागले होते. त्यांचीही मुले गरिबांचीच. शिवाय एकदा दार उघडले की ते कायमचे गेले, अशी भीती जर दार उघडणाऱ्याला बसली, तर पुढच्या पुरात कोणी कुलूप काढणार नाही. जुन्या धर्मशाळांत तीन दिवसांपेक्षा अधिक राहू देत नसत, ते निव्वळ निर्दयपणाने नव्हे. चौथ्या दिवशी येणाऱ्याला जागा हवी म्हणून. तेव्हा आसऱ्याला मर्यादा असू नये, असे माझे म्हणणे नाही. मर्यादा सांगावी लागते, एवढेच. ती ज्याला लागू आहे त्याच्याशी बसून, त्याला विचारून ठरवावी लागते. आणि ती संपेल तेव्हा पुढे काय, हा प्रश्न दोघांचा मानावा लागतो. मी यांतले काही केले नाही. एकोणिसाव्या दिवशी सकाळी जाऊन म्हणालो, "उद्यापासून खोल्या लागतील." म्हातारीने विचारले, "आता कुठं जावं म्हंता?" त्या प्रश्नात राग नव्हता. मला खरोखरच काही ठाऊक असेल, अशा विश्वासाने तिने तो विचारला. मी म्हणालो, "सरकारकडून काहीतरी होईलच." ती कुटुंबे पांगली. काही नातलगांकडे गेली, काहींनी पडक्या भिंतींवर ताडपत्री टाकली, तोडीवाली लवकर निघून गेली.

येथून पैठण दूर नाही. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा एक पोरगा आला आणि बारा वर्षे पाणी भरीत राहिला. तो साक्षात भगवंत होता, हे शेवटी कळले. नाथषष्ठीला लोक आजही त्या रांजणात पाणी घालतात. ही कथा आम्हां सर्वांना फार आवडते. मात्र आपल्याला ती आवडते ती पाहुणा देव निघाला म्हणून, अशी शंका मला अलीकडे येते. तो शेवटपर्यंत साधा पोरगाच निघाला असता तर? नाथांनी त्याला बारा वर्षे ठेवले तेव्हा तो त्यांच्या लेखी साधा पोरगाच होता. थोरवी असेल तर ती त्यात आहे. आपण कथेचा शेवट आधी ऐकून मग नाथांचे कौतुक करतो. आपल्या दारात येणाऱ्याच्या कथेचा शेवट आपल्याला आधी कळत नाही.

अकरा कुटुंबांना घरे बांधून देणे माझ्या शक्तीबाहेरचे होते आणि त्याचा दोष मी स्वतःला देत नाही. ते काम राज्याचे, समाजाचे. पण 'आपण घर देऊ शकत नाही' या खऱ्या वाक्याआड मी कितीतरी लहान गोष्टी दडवल्या, ज्या मला देता येत होत्या: एक कडी, एक चूल मांडायची जागा, एक तारीख, आणि पंचनाम्याच्या वेळी तलाठ्यासमोर त्यांच्या बाजूने उभा राहणारा एक माणूस. मोठे देता येत नाही म्हणून छोटेही न देण्याची सोय 'तात्पुरता' या शब्दाने मला करून दिली. आसरा आणि घर यांत फरक राहणारच. परंतु आसऱ्यात घराचा काही अंश नसेल, तर त्याला गोदाम म्हणावे.

दिवाळीच्या सुट्टीत सुतार बोलावून मी त्या चारही खोल्यांना आतून कड्या बसवून घेतल्या. काम अर्ध्या दिवसात झाले. मुलांना त्या कड्यांचा काही उपयोग नाही. मधल्या सुट्टीत कोणी खोडकर मुलगा आतून कडी लावून बसतो आणि मास्तर चिडतात. एकदोघांनी त्या काढून टाकण्याची सूचनाही केली. मी त्या राहू दिल्या आहेत. म्हातारीच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. पण पाऊस पुन्हा येईल, कोणी पुन्हा दारात उभे राहील, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्या माणसांबरोबर बसून 'किती दिवस, आणि मग कुठे' हे बोलायचे, एवढे मी ठरवले आहे.