वाडवडिलांचे ताट



“आपले वाडवडील असे खात नव्हते,” हे वाक्य आज आपल्या घराघरांत ऐकू येते. मधुमेह जडलेल्या वडिलांना ते मुलगा ऐकवतो, पाकीटबंद खाऊ मागणाऱ्या नातवंडांना आजी ऐकवते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून घोषित केल्यानंतर तर ज्वारी-बाजरीला शहरी दुकानांतही मान मिळाला. वाक्य खोटे नाही. परंतु तेवढ्याने युक्तिवाद पूर्ण होतो काय, हा प्रश्न निदान मुस्लिम वाचकाने तरी स्वतःस विचारला पाहिजे. कारण पूर्वजांचा दाखला देणाऱ्यांविषयी कुरआनची भूमिका आपल्याला ठाऊक आहे.

सूरह अल-बकराच्या १६८व्या आयतीत अल्लाहने साऱ्या मानवजातीला उद्देशून, जमिनीतील जे हलाल आणि तय्यिब आहे ते खाण्यास फर्माविले आहे. अवघ्या दोन आयतींनंतर, बापजाद्यांच्या वाटेनेच जाऊ म्हणणाऱ्यांना विचारले आहे की, त्या बापजाद्यांना समज नसली तरीही काय? सूरह अल-माइदाच्या १०३ व १०४ या आयतींत तर विषय अधिकच जवळ येतो. अरब लोक काही जनावरांना बहीरा, साइबा अशी नावे देऊन त्यांचा उपयोग स्वतःवर निषिद्ध करून घेत, आणि आधार काय, तर वडिलांची रीत. म्हणजे खाण्यापिण्याच्याच बाबतीत हा आधार अपुरा ठरविला गेला.

मग आजोबांचे ताट बाजूला सारावे काय? मुळीच नाही. पूर्वजांना साक्षीदार म्हणून बोलवावे, निवाडा मात्र तय्यिबच्या कसोटीवर करावा, असे मला वाटते. तय्यिब म्हणजे शुद्ध, निर्मळ, हितकर. हलालविषयी आपण खाटकाला विचारतो; तय्यिबविषयी कोणालाच विचारत नाही.

ही साक्ष मदीनेपासूनच सुरू होते. हजरत सहल बिन साद (रजि.) यांना पुढच्या पिढीने विचारले, की प्रेषितांच्या (स.) काळी चाळणी होती काय? त्यांनी सांगितले की प्रेषितांनी (स.) चाळणी पाहिलीच नाही, जव दळायचे, फुंकर मारायची, उडेल तो कोंडा उडायचा आणि उरलेले मळून भाकर करायची. बुखारीतील ही रिवायत आहे. कोंड्याचे गुण आज डॉक्टर सांगतात हे खरे, पण प्रत्येक हदीसला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र चिकटवण्याची हौस मला पटत नाही. ती माणसे त्यांच्या भूमीने जे दिले ते, फारशी छाटाछाट न करता, खात होती. एवढे पुरे आहे.

आपल्याकडे मराठवाडा आणि सोलापूरच्या काळ्या जमिनीने हेच केले. पाऊस सरत आला की रब्बीची ज्वारी पेरायची; जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर ती वाढायची. कणीस घरात, कडबा गोठ्यात. त्या प्रदेशातील मुस्लिम घरांतही रोजची भाकरी ज्वारीचीच असे, जशी कोकणात तांदळाची. पुढे शिधावाटपाने गहू-तांदूळ आणला, आणि जिथे पाणी मिळाले तिथे वर्षभर, कधी दीड वर्ष, शेत अडवून पाणी पिणारा ऊस आला. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. एका भाकरीने विहिरी भरत नाहीत, हे मान्य. तरी ते जुने ताट त्या भूमीची ऐपत ओळखून वाढलेले होते.

मात्र साक्षीदाराची उलटतपासणीही करावी लागते. आपल्या आजी-आजोबांचे सारेच अल्पाहार हे संयम नव्हते. १९७२च्या दुष्काळात लोकांनी परदेशी मिलो खाल्ला, खडी फोडण्याच्या कामावर सुकडीवर दिवस काढले. मांस सणासुदीला, कारण एरवी परवडत नव्हते. पहाटेच्या अंधारात जाते ओढणाऱ्या स्त्रीला त्या ‘आरोग्यदायी जीवनशैली’विषयी कोणी विचारले नव्हते. लाचारीच्या उपासाला परहेजगारी म्हणणे हा त्यांच्या दुःखाचाच अनादर आहे.

नैतिक प्रश्न खरा सुरू होतो तो ताट भरलेले असताना. मुवत्तामध्ये हजरत उमर (रजि.) यांचा इशारा आहे, की मांसाची चटक ही मद्याच्या चटकेसारखी असते. मांस हलाल आहे, यात वाद नाही, स्वतः प्रेषितांना (स.) बकरीच्या पुढच्या पायाचे मांस आवडे. परंतु त्यांच्याच घरात महिना महिना चूल पेटत नसे आणि खजूर-पाण्यावर गुजराण होई, असे हजरत आयशा (रजि.) सांगतात. आवड आणि रोजची मागणी यांत अंतर आहे, आणि पोटाचे तीन भाग करण्याची शिकवण त्याच अंतरावर उभी आहे.

हे अंतर आपण सर्वाधिक कुठे पुसले असेल, तर दावतीत. वलीम्याला किती देगी चढल्या यावरून घराची इज्जत मोजली जाते. हातावर पोट असलेला बाप त्यासाठी कर्ज काढतो. दुसऱ्या दिवशी शादीखान्याच्या मागे बिर्याणीचा ढीग पडलेला असतो. त्यात वाया गेलेले पाणी, चारा आणि एका जिवाचा प्राण हिशेबात कोणी धरत नाही. ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘आमच्यात असेच चालते’, ही उत्तरे ठरलेली. वाडवडिलांचा दाखला इथेही हजर होतो.

अशा वेळी मुलीच्या वा मुलाच्या बापाला सांगण्यासारखी एक गोष्ट बुखारीत आहे. खैबरहून मदीनेला परतताना वाटेतच हजरत सफिय्या (रजि.) यांच्या निकाहचा वलीमा झाला. त्यात ना रोटी होती, ना मांस. चामड्याचे दस्तरखान अंथरले गेले, आणि त्यावर खजूर, सुके दही आणि तूप ठेवले गेले.