गंजलेला बोल्ट
वाचन : यहेज्केल 36:26

पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने इंजिनातले बोल्ट गंजून घट्ट धरून बसतात. पाना जोराने फिरवला की डोके तुटते व तुकडा आत राहतो. जाणता मेस्त्री घाई करीत नाही. तेल सोडून मुरू देतो, भोवतालचा भाग तापवतो, मधोमध भोक पाडून उलट्या आट्यांच्या हत्याराने तुकडा हळूहळू काढतो. जोर केल्यास ते कठीण पोलादी हत्यारही आत तुटते. मग साधे ड्रिलही चालत नाही. इंजिनाचे आटे वाचावेत, हाच त्याचा हेतू.

मंडळीत कोणी कठोर झाला, शब्बाथ शाळेतील मूल अडून बसले, तर आपण काय करतो? दगडी अंतःकरण बदलणे देवाचे काम. धीराने तेल सोडणे आपले. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, त्याच्या घरी या आठवड्यात जा.